स्टॉक बरोबर, दोन शब्द जास्त

"एक शब्द! पुस्तिकेतला एक शब्द जरी इकडचा तिकडे झालेला दाखवलात ना विश्वासराव, तर या मिशा उतरवीन!"

बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या मराठी वधू-वर मंडळाच्या बैठकीत संताजीराव माने हे वाक्य बोलले, तेव्हा हॉलमधले पंखे जागच्या जागी थांबले होते म्हणतात. वीज गेली होती ही गोष्ट वेगळी. पण पंखे थांबले होते, आणि मी उगाच काही सांगत नाही.

मिशाही काही साध्यासुध्या नव्हत्या. मान्यांचा मूळपुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आला आणि मागे दोनच वस्तू ठेवून गेला: एक तलवार आणि एक मिशांची घडण. तलवार संताजीरावांच्या आजोबांच्या वेळी भंगारात गेली. मिशा मात्र बापाकडून मुलाकडे जशाच्या तशा आल्या. त्यांच्या दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवा, आणि वरून माणसाला खड्ड्यांनी भरलेल्या आठव्या मेन रोडवरून चालवत न्या. लिंबू पडायचं नाही!

आता या मिशा पणाला का लागल्या, तर त्यालाही कारण होतं. दर दसऱ्याला मंडळ लग्नाळू मुलामुलींची पुस्तिका काढायचं. अठरा वर्षं ती विश्वासराव काढत होते. अक्षर मोत्यासारखं, पण छापखान्यात मोती फुटायचे. गेल्या वर्षी एका मुलापुढे छापून आलं, 'उंची: पाच इंच.' त्या मुलाला वर्षभरात एक स्थळ आलं नाही. संताजीरावांनी ते भर सभेत मोठ्यांदा वाचून दाखवलं, वर बोटांनी पाच इंच मोजूनही दाखवले. विश्वासरावांचं सचिवपद गेलं आणि ते संताजीरावांच्या गळ्यात आलं.

"यंदा पुस्तिका माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होणार," संताजीरावांनी जाहीर केलं. "माणूस चुकतो. यंत्र चुकत नाही!"

"यंत्राला खायला तुम्हीच घालणार ना?" विश्वासराव शांतपणे म्हणाले. त्यावर मिशांची ती घोषणा झाली.

कॉम्प्युटर त्यांच्या लेकीचा, भूमिकाचा. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली तेव्हा विमानात जड होईल म्हणून इथेच सोडून गेली होती. रत्नाबाईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि वर एक पितळी हत्ती ठेवला होता. संताजीरावांनी हत्ती उतरवला आणि दोन बोटांनी टायपिंग शिकायला घेतलं. तीन महिन्यांत ते इतके पटाईत झाले, की 'म' सापडायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागेना!

त्यातून माणूस बत्तीस वर्षं यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर राहिलेला. साठ मुलामुलींचे माहितीचे कागद आले, ते त्यांनी बुटाच्या खोक्यात नंबर टाकून लावले. एकेक कागद टाइप झाला की त्यावर बरोबरची खूण. शेवटी कॉम्प्युटरला विचारलं, एकूण शब्द किती? यंत्र म्हणालं, दोन हजार सहाशे चौदा. तो आकडा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहिला.

"हा आपला स्टॉक," ते रत्नाबाईंना म्हणाले. "आता रोज मोजायचा. बोल्ट असो नाही तर शब्द, मोजला की हरवत नाही."

पहिल्या पानावर सचिवांचं नाव मोजणीआधीच टाइप झालेलं, वर त्यांच्या फोटोची जागा. त्याच्याही वर गणपती पाहिजे. छापखानेवाल्यानं एका फ्लॉपीवर लग्नपत्रिकेचा नमुना दिला, त्यातला गणपती संताजीरावांनी उचलून आणला. आणि मंडळी, गणपती आला तो काही एकटा आला नाही. उंदीर घेऊन आला!

खंडेनवमीला तीन दिवस होते. रत्नाबाई पुस्तिकेचा छापलेला नमुना चष्म्याशी धरून वाचत होत्या. त्या एकदम ओरडल्या.

"अहो! आमच्या संयोगितानं लेथ मशीन कधी चालवलं?"

संयोगिता म्हणजे रत्नाबाईंच्या भावाची मुलगी. कागदावर स्पष्ट होतं: 'कु. संयोगिता, बी.ए., शांत स्वभाव, लेथ मशीनवर बारा वर्षांचा अनुभव.'

"आणि हा बघा मोहनकुमार! कारखान्यात फोरमन, निर्व्यसनी, रांगोळी आणि भरतकामाची आवड!"

संताजीरावांनी कागद ओढून घेतला. मोहनकुमारच्या रांगोळीखाली आणखी एक धक्का होता. संयोगिताच्या माहितीतला 'मंगळ आहे' हा मजकूर गायब झाला होता, आणि दोन पानं पुढे एका पदवीधर मुलाच्या अपेक्षेत जाऊन बसला होता: 'वधू सुस्वरूप, मंगळ आहे, गृहकृत्यदक्ष.'

संताजीरावांनी बायकोकडे पाहिलं. स्टोअरमधून ग्रीसचा डबा नाहीसा झाला की ते वॉचमनकडे पाहायचे तसं.

"रत्ना, तुझ्या भाचीचा मंगळ कुठे गेला?"

"मला विचारता? तीन ज्योतिष्यांना हलला नाही तो मंगळ मी हलवणार?"

"घरात आपण दोघंच. मी हलवला नाही."

"मग मी हलवला? मला त्या पेटीचं बटण कुठलं ते माहीत नाही! मी फक्त धूळ पुसते."

"कशानं पुसतेस?"

"फडक्यानं!"

"कुठल्या दिशेनं?"

रत्नाबाई पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री सारात मीठ नव्हतं आणि भातात होतं.

संताजीरावांनी सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि मग स्टोअरकीपरी सुरू झाली. कॉम्प्युटरला झाकण, झाकणाला सुतळी, सुतळीवर लाखेचं सील, सीलवर सही आणि तारीख. खोलीच्या दाराशी एक वही: 'आत जाणाऱ्याचे नाव, कारण, बाहेर येण्याची वेळ.' पहिल्याच पानावर रत्नाबाईंनी लिहिलं, 'सौ. रत्नाबाई माने. कारण: केर काढणे. वेळ: केर निघेपर्यंत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सील शाबूत होतं. संताजीरावांनी ते फोडलं, यंत्र सुरू केलं, फाईल उघडली. आणि बघतात तर रंगाचा एक 'गोरा' एका मुलाच्या पगाराच्या रकान्यात जाऊन उभा राहिलेला!

त्यांनी घाईघाईनं स्टॉक मोजला. दोन हजार सहाशे चौदा.

"माल पुरता आहे!" ते ओरडले. "चोरी नाही!"

"मग काय आहे?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तेच तर कळत नाही!"

'गोरा' जागेवर आणला, फाईल बंद केली. खात्री करायला परत उघडली, तर 'स्वतःचे घर' एका मुलीच्या वजनाशी. ते हलवलं, बंद केली, उघडली, तर 'एकुलता एक' चार भावंडांच्या घरात! संताजीराव जितक्या वेळा तपासायला जात, तितक्या वेळा काहीतरी हलत होतं. दुपारपर्यंत ते सतरा वेळा तपासून बसले होते. जेवताना त्यांनी मिठाची वाटी उचलून पाण्याच्या तांब्याजागी ठेवली आणि रत्नाबाईंना विचारलं, "मी हे आत्ता केलं, की हे आधीपासूनच इथे होतं?"

रत्नाबाई घाबरल्या. त्यांनी आधी कॉम्प्युटरची आणि मग नवऱ्याची मिरच्या-मोहरीनं दृष्ट काढली. मग यशवंतपूरला फोन लावला. त्यांचा मावसभाऊ गिरीराज एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, आणि कॉफी पोटात गेल्याशिवाय मेंदू चालू न होणारा.

"अक्का, नवमीला सुट्टी. तेव्हा येतो," तो म्हणाला.

नवमीला सकाळी दहा वाजता तो आला आणि उंबऱ्यातच थबकला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, पडद्यावर भस्माचे तीन पट्टे आणि मधोमध रुपयाएवढं कुंकू. माउसच्या कपाळावरही एक टिळा. समोर कुंकू भरून फोडलेला कोहळा.

"अक्का," गिरीराज म्हणाला, "याच्यात शिरू कुठून?"

"आज नाही शिरायचं! आयुधपूजा आहे. पूजा उतरेपर्यंत आयुधाला हात नाही. सकाळपासून मी विळीला हात लावला नाही, भेंडी हातानं मोडतेय!"

"अगं, उद्या सकाळी सातला छापखाना फाईल घेणार!" संताजीराव कळवळले. "त्याचीही यंत्रं आज पूजेत. उद्या पूजा उतरवून पहिलं काम माझंच करणार म्हणाला. संध्याकाळी सभा! माझ्या मिशांचा तरी विचार कर!"

"मिशांची पण केली असती पूजा. तुम्ही झोपून उठला नव्हता."

गिरीराजनं कॉफी मागितली. ती पिऊन झाल्यावर त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"अक्का, नवमी किती वाजेपर्यंत?"

रत्नाबाईंनी पंचांग काढलं. दशमी दुपारी चार चाळीसला लागत होती.

"म्हणजे चार एकेचाळीसला पूजा उतरवली तर चालेल?"

रत्नाबाईंनी पुष्कळ विचार केला. "चालेल. पण घड्याळ माझं."

मग तिघं त्या हार घातलेल्या यंत्रासमोर बसून राहिले. तेवढ्या वेळात गिरीराजनं सगळं समजावून सांगितलं.

"दाजी, हा व्हायरस आहे. कुणाच्या तरी फ्लॉपीतून आलेला. तुमच्या गणपतीबरोबरच आला असणार. फाईलमध्ये लपून बसतो. फाईल उघडली, की एखादा शब्द, नाही तर अख्खा तुकडाच उचलतो आणि दुसरीकडे नेऊन ठेवतो."

"चोरत नाही?"

"चोरत नाही. फक्त हलवतो."

"म्हणजे चोर नव्हे. बदल्या करणारा साहेब!" संताजीरावांना जरा हायसं वाटलं. असला साहेब त्यांनी कारखान्यात पाहिला होता. "मग मी तपासायला उघडत होतो तेव्हा..."

"तेव्हा तुम्हीच त्याला काम देत होता."

रत्नाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग दाराशी ठेवलेली वही उचलली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माफी स्वीकारणे.' वेळेचा रकाना मोकळा ठेवला.

"हे याचं औषध." गिरीराजनं खिशातून एक काळी फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. "ही आत घातली की हा सापडतो आणि निघतो." आणि तो हात-पाय धुवायला मागे गेला.

गेला तो पाच मिनिटांसाठी. पण रत्नाबाईंना पाच मिनिटं पुष्कळ. बरोबर चार एकेचाळीसला त्यांनी कॉम्प्युटरवर अक्षता वाहिल्या, हार काढला, यंत्र चार बोटं सरकवलं. पूजा उतरली. मग त्यांची नजर फ्लॉपीवर गेली. लढाईला निघालेलं खरं शस्त्र तर हे! आणि याला साधं कुंकूसुद्धा नाही? त्यांनी गंध लावलं. वरची पत्र्याची पट्टी बोटानं सरकते हे त्यांच्या लक्षात आलं. आत देवाच्या डोळ्यासारखं काहीतरी काळं चमकत होतं. तिथेही दोन अक्षता वाहिल्या आणि पट्टी लावून टाकली.

गिरीराजनं फ्लॉपी यंत्रात घातली. कर्रर्र! खर्रर्र! दळणाच्या गिरणीत खडा जावा तसा आवाज आला.

"अय्यो! हे काय?"

"तांदूळ," रत्नाबाई म्हणाल्या. "अक्षता आहेत. अशुभ नाही."

संताजीरावांचे दोन्ही हात मिशांवर गेले. जणू न्हावी दारात उभा होता! गिरीराजनं मात्र रत्नाबाईंच्या केसांतला आकडा मागितला, त्या फटीतून दोन्ही अक्षता टोकरून काढल्या, आणि दुसऱ्या खिशातून तशीच दुसरी फ्लॉपी बाहेर काढली.

"बँकेची सवय," तो म्हणाला. "प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत. अक्का, आता तुम्ही स्वल्प लांब बसा."

यंत्र घुर्र घुर्र करत राहिलं. दहा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली. सापडला! काढला!

"गेला?" संताजीरावांनी विचारलं.

"गेला. पण दाजी, उंदीर गेला म्हणून त्यानं हलवलेलं सामान आपोआप जागेवर येत नाही. ते तुम्हालाच लावावं लागेल."

मग बुटाचं खोकं निघालं. रत्नाबाई कागद वाचणार, गिरीराज पडद्यावर बघणार, संताजीराव दोन बोटांनी लावणार. लेथ मशीन संयोगिताकडून काढून मोहनकुमारला दिलं. त्याची रांगोळी तिला परत केली. मंगळही मूळ मालकिणीकडे गेला. तेव्हा रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "तो तिथेच राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?" त्यावर दोघांनी पुढचा कागद मागितला.

हणमंतराव नावाच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांच्या कागदावर होतं, 'विधुर, पुनर्विवाहास तयार.' पडद्यावर नुसतंच 'विधुर'. उरलेले दोन शब्द गेले कुठे? साठही मुलामुलींत शोधले. कुणीच पुनर्विवाहास तयार दिसेना. शेवटी संताजीरावांनी ते दोन शब्द नव्यानं टाइप केले आणि विषय मिटवला.

साडेसातला काम संपलं. संताजीरावांनी स्टॉक मोजला. दोन हजार सहाशे सोळा.

"दाजी, दोन जास्त आहेत," गिरीराज म्हणाला. "म्हणजे कुठेतरी..."

"म्हणजे काही नाही!" संताजीराव मिशांना पीळ देत हसले. "गिरीराज, बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. माल कमी भरला तर चौकशी होते. जास्त भरला तर स्टोअरकीपरची पाठ थोपटतात! दोन शब्द आपले फायद्यात."

"पण दाजी..."

"वाढलंय!" रत्नाबाईंनी हाक मारली. गिरीराजनं पडद्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरातून आलेल्या वासाकडे लक्ष दिलं, "सरी, ठीक आहे," म्हणाला आणि उठला.

दसऱ्याच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. पुस्तिका अजून कोमट होत्या. मुखपृष्ठावर गणपती आणि त्याखाली संताजीरावांचा फोटो. छापखान्यानं त्यांच्या मिशा इतक्या काळ्या छापल्या होत्या, की बोट लावलं तर बोट काळं व्हावं!

विश्वासराव भिंग घेऊन आले होते. वाचायला लागले ते शेवटच्या पानापासून. त्यांचं म्हणणं, पुढून वाचलं की माणूस वाहवत जातो. एकेक पान उलटत होतं. साठ. पन्नास. चाळीस. सभा श्वास रोखून बसली होती. वीस. दहा. एकही चूक नाही! मोहनकुमार लेथवर, संयोगिता रांगोळीवर, मंगळ मंगळाच्या जागी. संताजीराव खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी मिशांची टोकं छताकडे वळवली.

"मान्य आहे, संताजीराव," विश्वासराव म्हणाले. "एकसुद्धा चूक नाही." ते पुस्तिका मिटणार इतक्यात थांबले. "पहिलं पान तेवढं राहिलं."

"ते काय वाचायचंय? माझं नाव आहे फक्त!"

विश्वासरावांनी भिंग फोटोवरून खाली सरकवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"सचिव, श्रीयुत संताजीराव माने. पुनर्विवाहास तयार."

हॉलमधले पंखे परत एकदा थांबले. या वेळी वीज होती!

सगळ्यांच्या माना हळूहळू बायकांच्या बाजूला वळल्या. रत्नाबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "कुणाला हवे असतील तर आत्ताच न्या. ताटं उचलायला शिकवलंय, भांडी घासणं बाकी आहे."

असा हशा बंगळुरात त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. मागच्या रांगेत गिरीराज बोटांवर 'दोन जास्त, दोन जास्त' असं मोजत होता.

विश्वासराव तसे उदार. म्हणाले, "जाऊ द्या हो, गंमत झाली." पण मान्यांचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाजी न्हाव्याच्या खुर्चीत साडेतीनशे वर्षांची परंपरा चार मिनिटांत साबणाच्या फेसात गेली. संताजीराव घरी आले, तेव्हा रत्नाबाईंनी दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

पंधरा दिवसांनी होसकोटेहून एक पत्र आलं. रत्नाबाईंनी ते चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं:

"सौजन्यपूर्वक नमस्कार. मी कौशल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्या पुस्तिकेतले सचिवांचे स्थळ पाहिले. फोटोतल्या मिशा विशेष पसंत पडल्या. येत्या रविवारी प्रत्यक्ष पाहण्यास येत आहे."

संताजीरावांचा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला आणि तिथे काहीच नाही म्हणून खाली आला.

"आता हिला काय कळवायचं?" ते पुटपुटले.

रत्नाबाईंनी तोवर कार्ड लिहायला घेतलंही होतं. लिहिता लिहिता वाचून दाखवलं:

"पत्र पावले. यायला हरकत नाही, फराळ तयार असेल. फक्त एक कळवते. फोटोत दाखवलेला माल सध्या स्टॉकमध्ये नाही."